तिसऱ्या ओळीतली स्प्रिंग

पेटंटचे अर्ज लिहून देणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर नाही; पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणी मसुदा घेऊन आलं की ती तो टेबलावर पसरायची आणि शब्द भादरायला घ्यायची. 'मजबूत', 'लोखंडी', 'गोलाकार', 'अत्यंत उपयुक्त' अशा सगळ्यांवर काट. "तुम्ही वस्तूची जाहिरात करताय की तिला कुंपण घालताय?" असं विचारून समोरच्याला गप्प करायची.

कुंपणाची गोष्ट खरी होती. पेटंटच्या अर्जात शेवटी दावे असतात. या शोधातलं नेमकं काय माझं, ते तिथं एकेका वाक्यात सांगायचं. त्यातला पहिला दावा सगळ्यात महत्त्वाचा. त्यात एक शब्द जास्तीचा पडला की कुंपण तेवढं आत सरकतं, आणि बाहेर राहिलेल्या जागेत कुणीही येऊन तंबू ठोकतो. तेवीस वर्षं ती हे एकच काम करत आली होती. स्वभावानं तिरसट, चूक दाखवताना समोरच्याचा पाणउतारा करणारी, पण कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोरले साहेब होते तोवर त्यांनी तिच्या कागदावर न वाचता सही केली.

थोरले साहेब थकले आणि मुलानं कारभार हाती घेतला. या मुलाला तिनं शाळेच्या गणवेशात कचेरीभर धावताना पाहिलं होतं, 'अरे, शाई सांडशील' म्हणून दटावलंही होतं. आता तो धाकटे साहेब झाला होता आणि ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. त्यानं आल्याआल्या एआयवर चालणारी लेखनाची प्रणाली घेतली. शोध लावणाऱ्यानं दिलेली माहिती, चित्रं, हाताची टिपणं आत टाकायची. चहा निवायच्या आत चाळीस पानांचा अर्ज बाहेर, दाव्यांसकट.

"आणि मी काय करायचं?" तिनं विचारलं.

"तपासणी. अकरा मुद्द्यांचा तक्ता केलाय. प्रत्येक अर्जाला चाळीस मिनिटं. खुणा करायच्या, खाली सही."

"शब्द खटकला तर?"

"तुम्ही बदलायचा नाही. बदलाची विनंती टाका, मी बघेन."

पहिल्या महिन्यात तिनं साठ-सत्तर विनंत्या टाकल्या. त्यातल्या चार मान्य झाल्या. बाकीच्यांपुढे धाकट्या साहेबांनी एकच शेरा मारला होता, 'शैलीचा प्रश्न'. तेवीस वर्षांचं शहाणपण आणि त्याचं नाव शैली! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्या प्रणालीला ती 'बोलघेवडं' म्हणायची. एकदा रागाच्या भरात तिनं त्याच्याशीच वाद घातला. एका झाकणाला त्यानं 'झाकण' म्हटलं होतं. तेवढ्यानं कुंपण आखडतं, म्हणून तिनं ते चूक असल्याचं लिहिलं. 'तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे', बोलघेवडं म्हणालं आणि शब्द बदलून मोकळं झालं. मुद्दाम तिनं पुन्हा लिहिलं, की नाही, झाकणच बरोबर. 'तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे.' ती खुर्ची मागे ढकलून उठली. "पोटात एक आणि ओठात एक असलेली माणसं पाहिली," ती शेजारच्या टेबलाला म्हणाली, "याला पोटच नाही!"

अशा दिवसांत मिस्त्री आला. मोठ्या दवाखान्यात खाटा दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशीचा, बोटं तेलानं काळवंडलेली. जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यानं खाटेच्या कठड्याची कडी आणली होती. कठडा खाली घेताना नर्सची बोटं चिमटायची, म्हणून त्यानं नवी कडी बनवली होती. अंगठ्यानं दाबली की सुटते, बोट अडकत नाही, आणि झोपलेल्या माणसाचा हात मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही.

"दाबून बघा ना बाई," तो म्हणाला. तिनं दाबली. काम चोख होतं.

"यात काय आहे, स्प्रिंग?"

"स्प्रिंग. पण तिच्यावाचून अडत नाही. सगळं लिहिलंय मी."

त्यानं चार पानं दिली. ती पानं बोलघेवड्याच्या पोटात गेली आणि दुपारपर्यंत अर्ज तयार होऊन तिच्यापुढे आला.

त्या दिवशी सकाळी बैठक झाली होती. तिची एक विनंती वाचून दाखवत धाकटे साहेब म्हणाले होते, "बाईंना अजून टाइपरायटरचा आवाज ऐकू येतो." सगळे हसले. कालपरवा कामाला लागलेलेही हसले. ती हसणाऱ्यांची तोंडं मोजत बसली होती.

आणि दुपारी मिस्त्रीच्या अर्जाचा पहिला दावा. तिसऱ्या ओळीत 'पोलादी स्प्रिंग'.

तिला ते दिसायला तीन मिनिटंही लागली नाहीत. तिनं मिस्त्रीची पानं काढली. तिसऱ्या पानाच्या समासात, आडव्या ओळीत, त्यानं खरडलं होतं: 'स्प्रिंग नसेल तर रबराचा गट्टू घातला तरी चालतं. मी दोन खाटांना घातलाय.' समासातलं ते आडवं अक्षर बोलघेवड्याला वाचता आलं नव्हतं. अख्ख्या अर्जात रबराचं नाव नव्हतं. 'कडीला परत जागेवर ढकलणारा भाग' एवढं लिहिलं असतं, आणि गट्टूचं एक वाक्य आत टाकलं असतं, की काम झालं. एकदा अर्ज दाखल झाला की त्यात नवं काही घालता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

तिनं विनंतीचा रकाना उघडला. मग तिच्या कानात सकाळचं हसू वाजलं. शैलीचा प्रश्न, नाही का? फुटू दे एकदा हे बोलघेवडं. कळू दे बापाच्या गादीवर बसलेल्याला.

अकराव्या मुद्द्यात विचारलं होतं, 'दावे वर्णनाशी जुळतात का?' जुळत होते. दोन्हीकडे स्प्रिंगच होती. तिनं अकरा खुणा केल्या, सही ठोकली आणि पुढचा अर्ज ओढला. आपण खोटं काही लिहिलेलं नाही, असं तिनं मनाला बजावलं.

दोन वर्षं गेली. मिस्त्रीला पेटंट मिळालं. त्यानं कचेरीत पेढे नाहीत, तरी हातानं लिहिलेलं आभाराचं पत्र पाठवलं, ते धाकट्या साहेबांनी भिंतीवर लावलं. येता-जाता तिची नजर त्यावर पडायची आणि ती दुसरीकडे बघायची. तेवढ्यापुरतं बोचायचं. पण आतल्या आत ती वाटही बघत होती, हे कबूल करायला हवं.

मग मिस्त्रीच्याच दवाखान्यात नव्या खाटा आल्या. एका मोठ्या कारखान्याच्या. कठड्याला कडी होती, अंगठ्यानं सुटणारी. मिस्त्री तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं कडी उघडली. आत रबराचा गट्टू होता. कचेरीनं कारखान्याला नोटीस धाडली. तीन ओळींचं उत्तर आलं: तुमच्या दाव्यात पोलादी स्प्रिंग आहे. आमच्या कडीत स्प्रिंग नाही. कळावे.

मिस्त्री कचेरीत आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेल होता आणि आवाज चढलेला होता. "मी लिहून दिलं होतं! रबराचं लिहून दिलं होतं की नाही?"

धाकट्या साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर तक्ता होता, तिच्या अकरा खुणा, तिची सही. "हे बघा," ते मिस्त्रीला म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक अर्ज माणूस तपासतो. बाई अनुभवी आहेत, पण वय होतं, नजरेतून सुटतं..."

"सुटलं नाही," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही थांबा..."

"माझ्या नजरेतून काही सुटलं नाही. मला दिसलं होतं. तिसरी ओळ. समासातला गट्टूही दिसला होता. दिसूनही मी खूण केली." आपण काय बोलतोय ते तिला कळत होतं, आणि तरी 'नजरेतून सुटलं' हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. "तुम्ही मला शैली शिकवत होता ना? म्हटलं, शिका."

 मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी काय वाकडं केलं होतं तुमचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग?"

ती टेबलावरच्या तक्त्याकडे बघू लागली. त्यानं कडी टॉवेलात गुंडाळली आणि तो निघून गेला.

तिला त्याच दिवशी काढलं, ते ठीकच होतं. पण खरी चपराक आठवड्यानं बसली. कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं फोन करून सांगितलं, की धाकटे साहेब आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, आमच्या प्रणालीत खोट नव्हती, एका कर्मचारी बाईनं आकसानं घात केला, तिनंच कबूल केलंय. समासातली ओळ बोलघेवड्याला वाचता आली नव्हती, याचा कुणी उच्चारही करत नव्हतं. तिच्या एका वाक्यानं बोलघेवडं धुतल्या तांदळासारखं झालं होतं. जे फोडायला निघाली, त्याच्यावर तिनं स्वतःच्या हातानं शिक्का मारून दिला होता.

घरी तिचा नवरा नखं कापत बसला होता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, बोलायचा कमी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमची दोघांची जुंपली," तो म्हणाला, "आणि चाकाखाली गेला तिसराच."

"मला अक्कल शिकवू नका."

"नाही शिकवत," असं म्हणून त्यानं दुसरा पाय वर घेतला.

तीन आठवडे ती घरात धुसफुसत राहिली. भांडी आपटली, फोन उचलले नाहीत. मग एका सकाळी ती दवाखान्याच्या तळघरात गेली. तिथं खाटा उलट्या पडल्या होत्या, पाय वर करून. मिस्त्री एका चाकात तेल सोडत होता.

"कशाला आलात?"

"माफी मागायला."

"मागितलीत. जा आता."

ती गेली नाही. तिला जायला जमेना आणि उभं राहायलाही. मिस्त्रीनं तिच्याकडे पाठ करून आणखी दोन चाकांना तेल दिलं. मग हात पुसले, खण ओढला आणि छापलेल्या कागदांचा गठ्ठा तिच्या पुढ्यात टाकला. कठडा पायानं खाली घ्यायची नवी युक्ती होती, दोन्ही हातांनी रुग्णाला धरलेलं असताना उपयोगी पडणारी. अर्ज त्यानं स्वतः फोनवरच्या एआयकडून लिहून घेतला होता.

"वकिलाचं तोंड बघायचं नाही मला परत. तुमचंही नव्हतं बघायचं. पण आलाच आहात तर वाचा. काय दिसतंय ते सांगा. आणि या वेळी तोंड उघडा."

ती सरळ ठेवलेल्या एका खाटेच्या कडेवर बसली आणि वाचू लागली. वर्णन नीटनेटकं होतं. सळ्या कशा जोडल्यात, जोर कुठून कुठं जातो, हे तिला पहिल्या झटक्यात इतकं स्वच्छ लिहिता आलं नसतं, आणि हे लक्षात येताच ती आणखी चिडली. मग ती दाव्यांपाशी आली.

"हे 'पायानं दाबायचं पेडल' कुणी लिहिलं?"

"त्या एआयनं. बरोबरच आहे. पेडलच आहे ते."

"गुडघ्यानं दाबलं तर?"

"गुडघ्यानं कोण दाबेल?"

"उद्या कुणी ते दोन वीत वर बसवलं तर गुडघ्यानंच दाबेल. मग ते पायानं दाबायचं राहील का?"

"काहीतरी फाटे फोडू नका. खाली आहे ते, जमिनीलगत."

"तुमच्या खाटेला आहे. दुसऱ्याच्या खाटेची हमी तुम्ही देणार?"

मिस्त्री तणतणत उठला. भिंतीशी उभ्या असलेल्या खाटेचं पेडल त्यानं पान्यानं सोडवलं, वरच्या आडव्या सळीला चिमट्यानं अडकवलं आणि गुडघा टेकून रेटलं. कठडा खाली आला. त्यानं तो उचलून पुन्हा लावला, पुन्हा गुडघा टेकला. पुन्हा खाली आला.

तो टेबलावरचं पेन घेऊन तिच्यापुढे आला, 'पायानं' हा शब्द स्वतः खोडला आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"पुढं वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं."