पुढच्या खोलीचा पडदा

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी क्रीना ओकर्से घडीच्या शिडीवर उभी राहून पडद्याच्या दांडीचा शेवटचा स्क्रू पिळत होती. भोक जरा मोठं पडलं होतं. तिनं आगकाडी मोडून भोकात ठोकली, स्क्रू पुन्हा फिरवला आणि दांडी दोन्ही हातांनी खाली ओढून पाहिली. दांडी हलली नाही.

ब्रौनिसे या समुद्रकाठच्या गावात धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीत घरं थेट पायवाटेवर उभी आहेत. क्रीनाच्या पुढच्या खोलीची खिडकी इतकी रस्त्यालगत आहे, की जाणाऱ्याची बाही काचेला घासते. या खोलीत रोज कुणी बसत नसे. नववर्षाच्या दिवशी पाहुणे येत तेव्हा ती उघडायची, नाहीतर घरात कुणी वारलं तर. एरवी आत शिरायचं ते धूळ पुसायला.

क्रीनानं वीसहून अधिक वर्षं गावातल्या बँकेत काढली होती. गेल्या शरद ऋतूत शाखा बंद झाली. निरोपाच्या वेळी तिला एक कुंडी आणि एक पाकीट मिळालं. चोपन्नाव्या वर्षी गावात काम म्हणजे धक्क्यावरच्या शेडमध्ये शिंपले निवडायचे. तिनं तरुणपणी दोन हिवाळे ते केलं होतं, आणि थंडी पडली की मनगटं अजून त्याची आठवण करून देत. मग हे दुसरं काम समोर आलं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायचे आणि पत्रं टाइप करून पाठवायची. काम घरून. त्यासाठी बंद होणारं दार असलेली खोली हवी, दाराला कुलूप हवं, आणि बाहेरून कुणालाही कॉम्प्युटरवरचा मजकूर दिसता कामा नये, कारण तो रोग्यांचा मजकूर. काम देणाऱ्या कंपनीची बाई स्वतः येऊन खोली बघणार होती. ती यायची होती याच मंगळवारी, दुपारी तीनला. खोली पसंत पडली तर काम पक्कं, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला.

नवरा रीनुस शिंपल्यांच्या बोटीवर असतो. खोलीचा खर्च मी करतो, असं तो म्हणाला होता. बोटीला नवं जाळं लागलं तर तू माझ्याकडे पैसे मागतोस का, असं विचारून क्रीनानं तो विषय संपवला. जे काही करायचं ते पाकिटातल्या पैशांत.

तिनं ते केलं, आणि नीट केलं. तपकिरी वॉलपेपर गरम पाणी आणि व्हिनेगर लावून खरवडला. त्याखाली आणखी दोन निघाले. गिऱ्हाइकांनी छटा पसंत नाही म्हणून परत केलेले रंगाचे डबे दुकानदार निम्म्या किमतीत देतो. त्यातले दोन एकमेकांत ओतून तिनं फिकट हिरवट राखाडी रंग तयार केला. पाडलेल्या शाळेचं एक भरीव दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून टेबल होणार होतं. दार मागच्या शेडमध्ये घासायला पडलं होतं. जवळच्या झीरिकझे शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला बंद पडलेल्या हॉटेलाचे पडदे मिळाले. गडद निळे, आतून अस्तर लावलेले, घोंगडीसारखे जड.

खोलीतली एकच वस्तू हलवणं तिच्या हातात नव्हतं. आतल्या भिंतीला सासूबाईंचं ओकच्या लाकडाचं क्रॉकरीचं कपाट होतं. टानेट्ये ओकर्से, वय एक्याऐंशी, दोन दारं पलीकडे एकट्या राहतात. कपाट त्यांनी लग्नात मुलाला दिलेलं, तरी बोलताना त्या नेहमी ‘माझं कपाट’ म्हणत आणि कुणी त्यांना दुरुस्त करत नसे. ते इतकं रुंद आणि खोल होतं, की त्याच्यापुढे खुर्ची टाकून टेबल मांडायला जागाच उरत नव्हती. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला जुनी शेकोटी. खुर्चीला राहिली ती खिडकीकडची जागा. तिथे बसलं की पाठ रस्त्याकडे आणि कॉम्प्युटरचा मजकूर येणाऱ्याजाणाऱ्याला उघडा. कपाट हलवण्याबद्दल क्रीनानं एका रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला सुचवून पाहिलं होतं. टानेट्येबाईंनी कप बशीत ठेवला आणि कपाटानं तुझं काय वाईट केलंय, असं विचारलं. ती खोली आता कशासाठी लागणार आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि क्रीनानं सांगितलं नाही.

म्हणून पडदा.

या गल्लीत दिवसा कुणी पडदा लावत नाही. खिडकीत दोन सारख्या कुंड्या असतात, काच शुक्रवारी पुसलेली असते, जाणारा आत बघतो आणि आतला हात वर करतो. पुढच्या खोलीचा पडदा दिवसाउजेडी लागतो तो घरात कुणी गेलं तरच. मग शेजारचे आपापले पडदे अर्धे ओढतात, समोरचेही ओढतात, आणि कुणी कुणाला काही न सांगता गल्लीला कळतं. क्रीनाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. सासरे गेले तेव्हा याच खिडकीचा पडदा तिनं स्वतःच्या हातानं ओढला होता. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात फक्त दुपारचे तीन होते.

साडेआठच्या सुमारास तिनं दोन्ही पडदे पूर्ण ओढले आणि बाहेर जाऊन पायवाटेवरून पाहिलं. आतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. कापडाच्या घड्या मोडायला थोडा वेळ लागेल, म्हणून पडदे तसेच राहू दिले. मागच्या शेडमध्ये जाऊन कानांवर आवाज रोखणारे टोप चढवले आणि घासायचं यंत्र सुरू केलं.

समोरच्या माट्येनं खिडकीतून पाहिलं. रीनुस सोमवारीच बोटीवरून उत्तरेच्या वाडन समुद्राकडे गेलेला, आणि रात्री उत्तरेला वारा जोरात होता, हे तिनं रेडिओवर ऐकलं होतं. तिनं आपला पडदा अर्धा ओढला आणि ओव्हन तापत ठेवला. तिच्या शेजारच्या दोघा भावांनी तिचा पडदा पाहून आपला ओढला. तासाभरात गल्लीतल्या पाच खिडक्या अर्ध्या झाकल्या होत्या. टानेट्येबाई पाव आणायला बाहेर पडल्या, तेव्हा दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणी त्यांना काही सांगितलं नाही. जो तो मान खाली घालून राहिला. त्यांना आधीच कळलं असणार, असं सगळे धरून चालले.

क्रीनाच्या खिडकीचा पडदा पाहून टानेट्येबाईंनी तिच्या दाराची घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. मग मागच्या बोळातून वळसा घालून शेडच्या दारात आल्या. क्रीनाला आधी त्यांची सावली दिसली. तिनं यंत्र बंद केलं, कानांवरचे टोप काढले.

टानेट्येबाई म्हणाल्या, “बोटीवर आणखी कोण होतं?”

“कुठल्या बोटीवर, आई?”

“रीनुसच्या.”

क्रीनानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पायांत घरातल्या चपला होत्या, हातात पावाची रिकामी पिशवी. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“आई, रीनुस बरा आहे. पहाटे त्याचा फोन आला होता. पडदा मी लावलाय. नुसताच.”

“नुसताच.”

“हो.”

टानेट्येबाई उपड्या घातलेल्या शिंपल्यांच्या क्रेटवर बसल्या. पिशवीची घडी घालत त्या म्हणाल्या, “पडदा नुसताच कोण लावतं गं?”

क्रीनानं खिशातून फोन काढला. रीनुसचा नंबर लावला. तिसऱ्या वेळी रीनुसनं उचलला. पलीकडे इंजिनाचा घरघराट. टानेट्येबाईंनी फोन हातात घेतला आणि सकाळी काय खाल्लंस, असं विचारलं. पाव आणि चीज, तो म्हणाला, का गं आई? काही नाही, मफलर घाल, असं सांगून त्यांनी फोन परत दिला. फोन क्रीनाच्या हातात आला तेव्हा तो घामानं ओला होता.

दोघी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आल्या, तर तिथे माणसं उभी होती. माट्येच्या हातात ओव्हनमधून नुकताच काढलेला लोण्याचा केक होता. समोरचे दोघे भाऊ कोपऱ्यात टोप्या काढून उभे. चर्चच्या मंडळाचे सदस्य लीवेन पाडमोस काळा कोट चढवून सायकलवरून आले होते आणि काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते. रीनुस जिवंत आहे, हे क्रीनानं एका वाक्यात सांगितलं. 

“मग हा केक परत नेऊ का?” माट्येनं विचारलं.

“ठेव,” टानेट्येबाई म्हणाल्या. “आणलायस तर कापून टाक.”

क्रीना पुढच्या खोलीत गेली आणि पडदे उघडले. गल्लीत एकेक करत पाचही खिडक्यांचे पडदे उघडले. तिचे कान लाल झाले होते. मागून टानेट्येबाई आत आल्या होत्या. नवा रंग, उघडी फरशी, खिडकीपाशी ठेवलेले दोन घोडे हे सगळं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं आणि पडदा कशासाठी, ते सांग, असं म्हणाल्या.

क्रीनानं सगळं सांगितलं. पाठ रस्त्याकडे का येते तेही सांगितलं आणि प्रत्यक्ष बसून दाखवलं. तीन वाजता बाई येणार, आणि आता पडदा लावायची सोय उरलेली नाही. हे काम गेलं तर पुढच्या आठवड्यापासून शेडमध्ये शिंपले निवडायला जाईन, असं ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. खरोखर तेच होणार होतं.

“शेडमध्ये? या मनगटांनी?” टानेट्येबाईंनी विचारलं. “आणि टेबल आतल्या भिंतीला ठेवलं तर?”

“तर भिंतीला पाठ करून बसता येतं, तोंड रस्त्याकडे येतं, कॉम्प्युटरची पाठ बाहेर. पडदा लागतच नाही. पण तिथे कपाट आहे, आई.”

टानेट्येबाईंनी कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ पाहिली.

“मग कपाट काढ.”

कपाट कुठे जाणार, हा प्रश्न फार वेळ राहिला नाही. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये कॉफीचे कप दोन वर्षं खोक्यांत पडून आहेत, हे लीवेन पाडमोस प्रत्येक सभेत सांगत आले होते. ते आताही तेच सांगू लागले, तेव्हा टानेट्येबाईंनी त्यांना मध्येच तोडलं.

“लीवेन, कोट काढ. मेलेलं कुणी नाही, पण कपाट जड आहे.”

आतली क्रॉकरी त्यांनी स्वतः बाहेर काढली. बश्या टॉवेलात गुंडाळून माट्येच्या हाती दिल्या आणि कुठली कशावर ठेवायची ते सांगत राहिल्या. दोघे भाऊ, लीवेन आणि क्रीना यांनी कपाट तिरकं करून दारातून काढलं. चौकटीला एका ठिकाणी खरचटलं. सांत्वनाला आलेली माणसं कपाट घेऊन गल्लीतून चर्चकडे निघाली तेव्हा दारादारांत लोक उभे होते. पाडमोस दर वीस पावलांवर कपाट खाली टेकवायला लावत होते. धाकट्या भावानं विचारलं, काका, शवपेटी उचलताना पण असेच थांबता का? पाडमोस म्हणाले, शवपेटी याच्यापेक्षा हलकी असते आणि आतला माणूस वाटेत सूचना देत नाही. टानेट्येबाई चार पावलं मागून चालत होत्या आणि डावीकडे, डावीकडे, म्हणत होत्या.

परत आल्यावर क्रीनाला भिंत दिसली. तिनं कपाट न हलवता त्याच्या कडेकडेनं रंग दिला होता. आता नव्या रंगाच्या मधोमध तपकिरी वॉलपेपरचा कपाटाएवढा चौकोन उभा होता. खरवडायला वेळ नव्हता. डब्यात तळाशी जेमतेम एक हात पुरेल इतका रंग शिल्लक होता. तिनं तो थेट वॉलपेपरवर ओढला, खिडकी उघडी टाकली आणि पंखा लावला. वाळल्यावरही तपकिरी रंग थोडा जाणवत होता. तिनं ते मान्य केलं. भिंतीची पाहणी अटींमध्ये नव्हती. शेडमधलं शाळेचं दार आणून तिनं त्या भिंतीपुढे घोड्यांवर टाकलं आणि वर कॉम्प्युटर मांडला.

कंपनीची बाई, हेस्टर बूगार्ट, तीनला पाच कमी असताना आली. उंच, घाईतली, पायांत रबरी बूट. तिनं दार लावून पाहिलं, कुलूप फिरवून पाहिलं. मग क्रीनाला कामाच्या जागी बसून एक पान उघडायला सांगितलं आणि स्वतः रस्त्यावर गेली. खिडकीपुढून ती एकदा डावीकडून चालत गेली, एकदा उजवीकडून, मग टाचा उंचावून उभी राहिली. समोर माट्ये आपल्या खिडकीत बसून हे पाहत होती आणि तिनं सवयीनं हात वर केला. हेस्टरनंही केला.

आत आल्यावर ती म्हणाली की बाहेरून दोन कुंड्या दिसतात आणि क्रीनाचं तोंड दिसतं, अक्षर एकही दिसत नाही. मग तिनं कागद काढले. सही होत असताना तिनं विचारलं, लोक असे दिवसभर आत बघणार, त्याचा त्रास नाही होणार?

“पडदा लावला तर जास्त बघतात,” क्रीना म्हणाली.

हेस्टरला चौकटीवरचा ताजा ओरखडा दिसला, आणि तिनं घड्याळ पाहिलं. तिला झीरिकझेत आणखी एक खोली बघायची होती. जाताना तिला केकचा तुकडा देण्यात आला आणि तिनं तो गाडीत खाल्ला.

संध्याकाळी क्रीनानं रीनुसला फोन करून दोन्ही बातम्या सांगितल्या. काम मिळाल्याची ऐकून तो बरं झालं म्हणाला. दुसरी, पडद्याची, ऐकून आई जेवली का, असं त्यानं विचारलं. त्या जेवल्या होत्या. बटाटे, घेवडा आणि तळलेला मासा, क्रीनाच्याच टेबलावर, नेहमीप्रमाणे सहा वाजता.

उद्या बुधवार. सकाळी आठला पहिले अहवाल येतील आणि साडेचारपर्यंत काम चालेल. दहा ते सव्वादहा कॉफीची सुट्टी आहे. ती कॉफी क्रीना दोन दारं पलीकडे, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात घेणार आहे.