चौथा कोपरा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटोच्या चौकटीचा कोपरा ते अंगठ्यानं चाचपून बघायचे. विळ्याची धार बघावी तसं. आता काचेवर हाताला काय लागणार? पण चाचपायचे आणि म्हणायचे, "झूम करा मालक, मंग बोला."

पालमला बसस्थानकासमोर माझं फ्लेक्सचं दुकान. मालक मी, डिझाईन करणारे ते, अक्कलही त्यांची. मी गोल केलेला कोपरा उंदरानं कुरतडलेल्या बिस्किटासारखा दिसतो. ते गोलाईला आठ मिलिमीटरचा आकडा टाकायचे, चारही कोपरे तपासायचे, मग चित्र खूप मोठं करून वळण कुठं अडखळतं का ते बघायचे.

हे लाड फक्त श्रद्धांजलीच्या फोटोचे. वाढदिवसवाल्यांची चौकट टोकदारच. का, विचारलं तर म्हणाले, "जितं माणूस टोचतंच मालक. गेलेल्यानं टोचू न्हाई."

त्यांचा थोरला भाऊ ऊसतोडीला गेला, तो तीन वर्षं परतला नव्हता. भावकीनं ठरवलं, आता दिवस घालून मोकळं व्हावं. बॅनर अर्थात यांनीच करायचा. त्यांनी भावाच्या चौकटीचे कोपरे गोल केले, फाईल सेव्ह करून बंद केली. सकाळी उघडली तर चारही टोकदार. परत केले, परत तेच. मी म्हणालो, व्हायरस. माणूस बोलावून अख्खा कॉम्प्युटर पुसून घेतला. बी.कॉम. नापासाला विज्ञानाचाच आधार. फाईल नव्यानं केली, तरी टोकदार.

"दादा जिता हाय," ते म्हणाले. "आनायला जायलोय."

जाताना त्याच फाईलीत भावाशेजारी स्वतःचा फोटो ठेवला, टोकदार चौकटीत. "रोज उघडून बघत जा. घरी सांगत जा."

पंधरा दिवस मी बघत होतो, त्यांच्या बायकोला कळवत होतो, "वैनी, ठीक आहे." मग त्यांचा फोन बंद लागू लागला. एका सकाळी भावाचे चारही कोपरे गोल. दुसऱ्या सकाळी यांच्या चौकटीचा एक. मग दुसरा. मग तिसरा. मी झूम केलं. वळण कुठंच अडखळत नव्हतं. एवढं साफ काम आमच्या दुकानात दुसऱ्या कुणाला येत नाही.

पोलीस ठाण्यात खबर दिली आहे. कोपऱ्यांचं तिथं बोललो नाही. गावात थोडीफार इज्जत शिल्लक आहे माझी. तुम्हीही हसा हवं तर. पण एवढं माझ्या ध्यानात आलंय, की बदल होतो तो फाईल बंद करून उघडल्यावर. म्हणून मी ती बंदच केलेली नाही. त्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देत नाही. लाईटचा भरवसा नाही म्हणून मोठा इन्व्हर्टर घेतला. गल्लीला वाटतं धंदा वाढला. आमची ही म्हणते, "घरातला पंखा बंद, अन् दुकानात दिवाळी!"

वैनींना शेवटी सगळं खरं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. आता रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. नवऱ्याबद्दल एक शब्द विचारत नाहीत.

"भावजी, लाईट हाय न्हवं?"

"हाय, वैनी."