झिऱ्यातले बूट

मैंदर्गीकडच्या झाडीतल्या धबधब्याखाली मी चिखलाचे बूट धुतले, ते नेमके एका म्हातारीच्या पिण्याच्या झिऱ्यात. वाळू उकरून केलेला तो नितळ खड्डा माझ्या बुटांसाठीच असावा, अशी माझी शहरी अक्कल.

शेळ्या राखणारी ती म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. "सायेब, आंगूळ बी उरका की हितंच. आमी काय, उद्या पिऊ."

"पाटी लावायची ना," मी वर तोंड करून म्हणालो.

"पानी पितेत, ह्याची पाटी?" ती हसली आणि करवंटीनं गढूळ पाणी उपसू लागली. धबधब्याचं पाणी तर पावसानं लालभडक झालेलं; झिरा निवळेपर्यंत ती तहानलेलीच राहणार होती.

मी पन्नास पावलं गेलो आणि परतलो. माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली.

"मावशी, चुकलं माझं. द्या ती करवंटी."