नकाशातून सुटलेली वाट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपली आद्याक्षरं टाकायची. त्याखाली हेड ड्राफ्ट्समनची सही. वडील गिरणीत होते आणि गिरणी कधी चालू, कधी बंद. सरकारी नोकरी लागलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पण नेमणूक परिवीक्षेवर होती. दोन वर्षं कामात खोट निघाली नाही तरच कायम करणार होते. त्यामुळे रेघ ओढताना मी श्वास रोखून धरायची. आई म्हणायची, "तू घरी जेवतानाही तशीच बसतेस."

त्या हिवाळ्यात एक नवंच काम आलं. अमळनेरच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावाच्या गायरानात उन्हापासून वीज तयार करायचा एका कंपनीचा प्रस्ताव होता. असं काही तोवर आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. फाइलला काचेच्या पट्ट्यांच्या लांबच लांब रांगांचं एक रंगीत चित्र जोडलं होतं, कुठल्यातरी परदेशातलं. कचेरीतल्या सगळ्यांनी ते हातोहात फिरवून पाहिलं. शिपाई म्हणाला, "ऊन विकायला निघाले तर आपल्याकडे माल भरपूर आहे."

जमीन सरकारी असली तरी ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव लागणार होता, आणि ठरावासोबत जागेचा नकाशा. तो नकाशा माझ्या टेबलावर आला.

गावनकाशाचं मूळ पान फार जुनं होतं. मागे कापड डकवलेलं, घड्यांवर फाटलेलं. नेमकी गायरानावरून गेलेली घडी कोणीतरी कधीकाळी कागदाची पट्टी चिकटवून सांधली होती. त्या पट्टीच्या कडेला मला दोन-तीन ठिपके दिसले. शाईचे की बुरशीचे, कळेना. विचारायला हवं होतं. पण हेड ड्राफ्ट्समन त्या दिवशी रजेवर होते आणि फाइल संध्याकाळच्या जीपने, वाटेत त्यांच्या घरून सही घेऊन, जायची होती. मी ते ठिपके सोडून दिले. गायरान कोरं निघालं. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तरी चाललं असतं, हे मला आजही वाटतं.

महिन्याभराने ते पान कपाटात परत ठेवताना सहज म्हणून मी ते काचेच्या टेबलावर पसरलं आणि खालची ट्यूबलाइट लावली. कागदाच्या पट्टीखालून ठिपक्यांची दुहेरी ओळ स्पष्ट दिसली. गावापासून दूर असलेल्या एका छोट्या वस्तीपासून निघून, गायरान मधोमध कापून, ती नदीला जाऊन मिळत होती. ठिपक्यांची दुहेरी ओळ म्हणजे गाडीवाट.

मी फाइलची प्रत काढून वाचली. ठरावाचा मसुदा वरूनच तयार होऊन गेला होता. त्यात एक वाक्य होतं: 'सदर क्षेत्रातून कोणाचीही वहिवाट नाही, सोबतचा नकाशा पाहावा.' तो नकाशा माझा होता. पुढच्या कलमात सगळ्या जागेला तारेचं कुंपण घालायची परवानगी होती. आणि ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत यायचा होता, म्हणजे पाच दिवसांनी.

दुपारी मी पान घेऊन हेड ड्राफ्ट्समनपुढे उभी राहिले. ते निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"जुन्या पानावरची प्रत्येक वाट आज जमिनीवर असतेच असं नाही," ते म्हणाले. "कितीतरी वाटा मोडल्यात."

"पण असली तर, साहेब?"

"पाहणीला माणूस गेला होता ना? त्याने काही लिहिलंय?"

पाहणी करणारा जीपमधून गायरानाच्या कडेपर्यंत गेला होता आणि 'जागा मोकळी' असं लिहून आला होता. मी ते सांगितल्यावर साहेबांनी पानाची घडी केली आणि ते माझ्या हातात दिलं. "आता दुरुस्ती कळवायची म्हणजे चूक कळवायची. तुमची आणि माझीही. पेन्शनचे कागद गेलेत माझे. जरा विचार करा."

मी विचारच करत होते. जेवण जाईना. एकदा वाटायचं, वाट मोडलेली असणार, उगाच कशाला. लगेच डोळ्यांसमोर कुंपणाची तार यायची. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "आधी जाऊन बघ तर खरं. नसलेल्या वाटेसाठी नोकरी कशाला घालवायची?"

सव्वीस जानेवारीला कचेरीतलं झेंडावंदन झाल्या झाल्या मी अमळनेरची बस धरली. नकाशाची एक प्रत पिशवीत होती. फाट्यावर उतरून तासभर चालले. मनात सारखं येत होतं की वाट नसू दे, तिथे निवडुंग आणि बाभळी वाढलेल्या असू देत.

वाट होती. दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी, चाकोरीत शेळ्यांच्या लेंड्या आणि ताजं शेण. मी तिथेच उभी राहिले.

मागून एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली. मला बघून थांबली.

"कथी जाई ऱ्हायनी व माय?"

"नदीपर्यंत," मी म्हणाले.

"पानी लेवाले? तुनाकडे तं हंडाबी नही."

मी कोण हे सांगायचा धीर झाला नाही. शाळेचं काम आहे असं काहीतरी पुटपुटले आणि तिच्याबरोबर चालू लागले. ही वाट जुनी आहे का, असं विचारलं.

"मी लगीन व्हईसन उनू तैपासनी शे. बठ्ठा वस्तीना ढोरे याच वाटवरथीन नदीले जातस."

नदीला तेव्हा वाहतं पाणी नव्हतं. वस्तीतल्या बायका वाळूत झिरे खणून, वाटीवाटीने हंडा भरायच्या. गावाच्या विहिरीवरून यायचं तर दुप्पट चाल. हे तिने तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. मग मी विजेच्या कारखान्याचं विचारलं. तिचा चेहरा खुलला. तिच्या जावयाला तिथे वॉचमनचं काम देणार होते. तो केळीच्या तोडणीला यावलकडे जायचा आणि महिना महिना घरी यायचा नाही. आता घरी राहील.

"पण अक्का, कुंपण पडलं तर ही वाट बंद होईल," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघून हसली, लहान पोरीकडे बघावं तशी. "वाट कशी बंद व्हई? नकाशाम्हा शे ना ती. सरकारना नकाशा शे."

तिने हंडा भरेपर्यंत मी झिऱ्याजवळ बसून राहिले, आणि मग गावाकडे निघाले.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर होती. माझ्या नकाशाची निळी प्रत फळ्यावर टाचण्यांनी लावली होती. सरपंचांना सगळे आबा म्हणत होते. पांढरी टोपी, वय साठीच्या आसपास. कंपनीचा एक माणूस पुण्याहून आला होता आणि खुर्चीत बसून घड्याळ बघत होता. ग्रामसेवक ठराव वाचू लागला. लोक आपापसात बोलत होते. कोणी ऐकत होतं असं वाटलं नाही. मी मागे बायकांच्या घोळक्याशी उभी होते. 'वहिवाट नाही' हे वाक्य आलं आणि गेलं. ग्रामसेवक पुढच्या कलमावर पोचला तरी माझं तोंड उघडलं नव्हतं. मग मी ऐकलं, की कोणीतरी "थांबा" म्हटलंय, आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"नकाशा चुकलाय," मी म्हणाले. "गायरानातून वस्तीची गाडीवाट आहे. ती त्यात नाही."

"तुम्ही कोण?" आबांनी विचारलं.

"हा नकाशा मी काढलाय."

कंपनीचा माणूस उठून म्हणाला, "तुम्हाला कचेरीने पाठवलंय का? पत्र आहे?" मी नाही म्हणाले. आबा मला पुढे बोलावून म्हणाले, "दाखवा कुठे." मी फळ्याजवळ गेले आणि बोटाने वाट दाखवली.

मला वाटलं होतं, वस्तीची माणसं तरी बरं म्हणतील. वस्तीतून चार-पाच जण आले होते. त्यांच्यातला एक तरुण उभा राहिला. त्या म्हातारीचा जावई तो हाच, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. तो माझ्याकडे न बघता आबांना म्हणाला, "आबा, आता हाई काम अडकी जाई. वाटना आम्ही दखी लेतूत. यासले कोनी बलायेल व्हतं?"

वाटेचं आम्ही बघून घेतलं असतं, यांना कोणी बोलावलं होतं. त्याचं खरं होतं. मला कोणीच बोलावलेलं नव्हतं.

आबांनी फळ्याकडे पाहिलं. "ठराव आज नको," ते म्हणाले. "वाट मोजून येऊ द्या नकाशावर." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुम्ही सरकारी माणूस. तुमच्या कागदावर आम्ही डोळे मिटून सही करतो. हे आधी बघायला नको होतं?"

फाट्यापर्यंत एकटी चालत आले. बस दीड तासाने आली.

आठवड्याभरात कंपनीची तक्रार वरच्या कचेरीत पोचली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. चुकीचा नकाशा काढला आणि परवानगीशिवाय सभेत जाऊन कचेरीची बदनामी केली, असे दोन आरोप. उत्तराला सात दिवस. हेड ड्राफ्ट्समननाही खुलासा विचारला होता. ते त्या आठवड्यात माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या पेन्शनचे कागद माझ्यामुळे अडतील, हे डोक्यातून जात नव्हतं. सकाळी कचेरीच्या पायऱ्या चढताना रोज वाटायचं, आज टेबलावर नोकरीवरून काढल्याचा कागद असेल.

मी उत्तरात झालं ते सगळं लिहिलं. ठिपके दिसले होते, विचारलं नाही, हेही. वडिलांनी ते वाचून 'दिसले होते' खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. पण ते धैर्य वगैरे नव्हतं. मला तेव्हा खोटं लिहून ते लक्षात ठेवायची भीती जास्त वाटत होती.

सातव्या दिवशी मी उत्तर घेऊन गेले तेव्हा साहेबांनी ते वाचायला मागितलं. वाचून आपल्या खुलाशाची प्रत माझ्यापुढे सरकवली. त्यांनी लिहिलं होतं की मूळ पान न तपासता त्यांनी सही केली, आणि जोडकामाची पट्टी त्यांच्याच हाताची असावी. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः अशी पानं सांधत असत. "खरंच तुमच्या हातची आहे?" मी विचारलं. "असू शकते," ते म्हणाले आणि कामाला लागले.

निकाल यायला पावसाळा उजाडला. साहेबांना ताकीद मिळाली, पेन्शन अडली नाही. मला ताकीद आणि परिवीक्षा एक वर्ष पुढे. मी घरी येऊन आईजवळ बसले आणि पहिल्यांदा रडले.

दरम्यान मोजणीची माणसं जाऊन आली होती. नवा नकाशा माझ्याकडूनच काढून घेतला. पुढच्या ग्रामसभेत गाडीवाटेची रुंदी सोडून दोन बाजूंना कुंपण, या अटीवर ठराव मंजूर झाला. पण कंपनी आलीच नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. प्रस्ताव दप्तरजमा झाल्याचा शेरा मी फाइलवर वाचला. कारण लिहिलेलं नव्हतं. अटीमुळे, उशिरामुळे की मुळात त्यांचंच काही जमलं नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. तो तरुण पुन्हा यावलला केळी तोडायला जात असेल, एवढंच डोक्यात यायचं.

चार-पाच वर्षांनी आबा स्मशानभूमीच्या जागेच्या कामाला आमच्या कचेरीत आले. मला ओळखलं त्यांनी. चहा घेताना मी न राहवून विचारलं, कंपनी माझ्यामुळे आली नाही का.

"तुमच्यामुळे नाही, बाई," ते म्हणाले. "त्या काचा धुवायला पाणी लागणार होतं म्हणे. आपल्या नदीत कुठे पाणी?"

ते खरं होतं की माझी समजूत काढत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. वस्तीची माणसं काय म्हणतात, असं मी विचारलं.

"वाट चालू आहे. बाया पाणी आणतात." त्यांनी बशीत चहा ओतला. "तो पोरगा मात्र आता सुरतेला असतो. बायकोपोरं घेऊन गेला. म्हातारी एकटीच असते."

चहा संपल्यावर मी स्मशानभूमीच्या गटाचं पान काढलं, टेबलावर पसरलं आणि शाईचं पेन उचलण्याआधी आबांना जवळ बोलावलं. त्यांनी चष्मा लावला. आम्ही दोघे वाकून पान बघू लागलो. मी एकेका रेघेवर बोट ठेवत होते आणि ते सांगत होते, हे आहे, हे नाही, हे अजून आहे.