मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. दोन्हींची देखभाल बावीस वर्षं माझ्याकडे आहे, कारण त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे आणि गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मास्तरांना खपत नाही.

मास्तर कधी ओरडत नाहीत, हा त्यांचा लौकिक. बाकीचे शिकवणारे पहिल्याच वळणावर माणसाचा बाप काढतात. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून निवांत. घाबरट माणसं, साठी उलटलेल्या बायका, दुसरीकडून रडत आलेले, सगळे त्यांच्याकडे शिकले आणि पहिल्या फटक्यात पास झाले. परीक्षेलाही हीच गाडी. शेजारी मास्तर आणि तपासणारे साहेब मागच्या सीटवर. मास्तरांची लेकसुद्धा गेल्या महिन्यात अशीच पास झाली. शहराबाहेरच्या दवाखान्यात रक्ततपासणीच्या कामावर ती सोमवारी रुजू होणार होती. सकाळची पाळी, बसची सोय नाही, म्हणजे रोज एकटीनं हमरस्त्यावरून स्वतःची गाडी चालवत जायचं.

त्याआधीच्या गुरुवारी मास्तर पेडलचं रबर बदलायला आले. मी वाकून बघितलं आणि माझ्या जिभेला हाड नाही, बोलून गेलो, "मास्तर, गाडी शिकतं तरी कोण? तुमच्या बाजूचं हे चौथं रबर झिजलं. शिकणाऱ्यांच्या बाजूला मात्र गाडीबरोबर आलेलंच आहे, नक्षीसुद्धा गेली नाही."

मला वाटलं, हसतील. ते खाली बसले, एका रबरावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. मागवलेला चहा तसाच निवला.

"मी हळूच दाबतो," ते शेवटी म्हणाले. "धक्का बसून घाबरू नयेत म्हणून. त्यांना वाटतं, आपणच थांबवली."

खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. इतक्या वर्षांत कळलं नाही? पण दर वेळी एकाच बाजूचं रबर बदलताना मला तरी कुठे कळलं होतं.

शुक्रवारी त्यांनी पाय आवरायचा प्रयत्न केला. समोर सायकल आली की पाय आपोआप जायचा. आणि आवरायचा तरी कसा, सायकलवाल्याच्या जिवावर शिकवणी घ्यायची? संध्याकाळी जुन्या वहीतले नंबर काढून त्यांनी शिष्यांना फोन लावले, पुन्हा चार दिवस येऊन जा म्हणाले. लोकांना ती थट्टा वाटली. एकानं कौतुकानं सांगितलं, की तो आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, सगळी मास्तरांची कृपा. त्यानंतर मास्तरांनी कुणालाच फोन लावला नाही.

लेकीसाठी मात्र रविवार हातात होता. त्यांच्या सांगण्यावरून मी सकाळीच त्यांच्या बाजूच्या ब्रेकची केबल सोडवली. लेकीला काही बोललो नाही. गोदामांच्या मागे मोकळा रस्ता आहे, तिथे फ्रिजचं रिकामं खोकं घेऊन मी भिंतीआड उभा राहिलो. गाडी सायकलच्या वेगानं आली. वीसेक पावलांवर असताना मी खोकं पुढे ढकललं.

गाडी खोक्यावरून गेली आणि पुढे जाऊन थांबली. मी धावलो. लेक पांढरीफटक पडली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दाबला का नाही?"

आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तीच दचकली. मास्तरांचे हात गुडघ्यांवरच होते, पण पाय सैल पेडलवर तळापर्यंत दाबलेला होता.

मग दुपारपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. ती थांबायला लागली, पुढे पुढे तर छान थांबायला लागली. पण आता खोकं येणार हे तिला माहीत होतं. रस्त्यावर तसं कोण सांगून येतं? आठ दिवस उशिरा जा, असं मास्तरांनी विनवून पाहिलं. जागा हातची जाईल, ती म्हणाली, आणि तिचंही खोटं नव्हतं. केवढ्या मुश्किलीनं मिळाली होती.

सोमवारी पहाटे मास्तरांनी मला तिच्या गाडीचे ब्रेक बघायला बोलावलं. ब्रेक उत्तम होते. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

"नीट जाईन, बाबा," ती म्हणाली आणि निघाली. आम्ही दोघं दाराच्या पायरीवर उभे राहिलो. गल्लीच्या टोकाला वळण आहे. ब्रेकचा लाल दिवा लागतो का, एवढंच आम्ही बघत होतो.

लागला. पण वळण निम्मं झाल्यावर. मास्तरांचा पाय त्याच्या कितीतरी आधी पायरीवर दाबला गेला होता.