यंत्राच्या झिणझिण्या

आमच्या अंधेरीच्या घरात कपडे धुण्याचं यंत्र होतं, हे त्या काळी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. सांताक्रूझच्या विमानतळावर नोकरीला असलेला एक इंग्रज साहेब मायदेशी परतताना घरातलं सामान विकून गेला. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ते घेतलं. पोट सुटलेलं पांढरं पिंप, खाली विजेची मोटर आणि वर कपडे पिळायला रबराचे दोन रूळ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते मागच्या पडवीत होतं आणि सासूबाई त्याला कुणाला हात लावू देत नसत. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांनी भरल्या घराचं धुणं विहिरीवर एकटीनं धुतलं होतं. थंडीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं, असं माझी नणंद सांगायची.

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला यंत्र शिकवायला घेतलं. आधी एक लाकडी पाट माझ्या पायाशी सरकवला.

"यावर उभी राहा. ओल्या फरशीवर उभं राहून याला शिवायचं नाही."

"का, आई?"

"झिणझिण्या येतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामंजींना यातलं काही बोलायचं नाही."

मी काही बोलले नाही. यांनाही सांगितलं नाही. नव्या सुनेनं घरातल्या गोष्टी कुठे बोलायच्या आणि कुठे गिळायच्या, हे सासूबाईच ठरवत असत.

पावसाळ्यात झिणझिण्या वाढल्या. पाटावर उभं राहूनही कधीकधी कोपरापर्यंत कळ जायची. सासूबाई हात झटकायच्या, पदराला पुसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मी रुळांत कपडा घालताना त्यांची नजर माझ्या बोटांवर असायची. त्या घरात धुण्याच्या दिवशी आम्ही दोघी फारसं बोलत नव्हतो, ते यामुळे.

आणि एका सकाळी नणंद न्हाणीतून ओल्या पायांनी धावत आली. ती मॅट्रिकला होती, शाळेला उशीर होत होता. "वहिनी, माझं पोलकं आतच आहे का गं?" म्हणत ती वाकली आणि तिनं पिंपाच्या कडेवर हात ठेवला.

हात तिथेच राहिला. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. सगळं अंग थरथरत होतं. मी तिला ओढायला पुढे झाले.

"शिवू नकोस तिला!"

सासूबाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी धोपटणं उचललं आणि सारा जोर लावून पोरीच्या मनगटावर हाणलं. हात सुटला. नणंद माझ्या अंगावर कोसळली. विजेचं बटण पडवीच्या दुसऱ्या टोकाला होतं. सासूबाईंनी धावत जाऊन ते बंद केलं, तेव्हा कुठे मोटरची घरघर थांबली.

नणंदेचे ओठ पांढरे पडले होते. मी तिचे तळपाय चोळत राहिले. थोड्या वेळानं तिनं मोठ्यानं श्वास घेतला आणि रडायला लागली. तिच्यामागून मीही. सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या, धोपटणं अजून हातातच.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "हात मोडला म्हणून मुलगी वाचली."

संध्याकाळी मामंजी कचेरीतून आले. सगळं ऐकून ते कितीतरी वेळ मुलीच्या उशाशी बसले. मग बाहेर येऊन म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलवा."

हे म्हणाले, "बाबा, नवीन घेऊ. कोटातल्या, फोर्टच्या दुकानांत विलायती यंत्रं मिळतात."

"नवीन नाही नि जुनं नाही. या घरात ते भूत नको."

"दुरुस्त करून घ्या," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"काय म्हणालीस?" मामंजींचा आवाज चढला. "पोरीपेक्षा यंत्र जास्त झालं तुला?"

"पोर माझीच आहे. तिचा हात मोडला तोही मीच."

"अगं, पण आज एकाएकी असं झालं कसं?"

आता सासूबाई माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी सरळ मामंजींकडे बघितलं. "एकाएकी नाही झालं. गेल्या पावसाळ्यापासून झिणझिण्या येतायत."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ते विकलं असतं."

मामंजी खुर्चीवर बसले. सासूबाईंनी आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. बोटं टवके उडाल्यासारखी खडबडीत, नखं झिजलेली. "विहिरीवर परत मी जाणार नाही. आणि हिलाही पाठवणार नाही," माझ्याकडे मान करून त्या म्हणाल्या. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

दोन दिवसांनी वायरमन आला. त्यानं मोटर उघडली, पिंप आडवं करून खालून बघितलं. "मोटरच्या तारांचं वाइंडिंग नवीन करून देतो. चालेल."

मामंजी म्हणाले, "बघ, नीट विचार करून सांग."

"तसं पिंपाला खालून गंज धरलाय. पाणी मोटरवर झिरपतं."

सासूबाई पुढे झाल्या. "दुरुस्त केल्यावर तुझ्या बायकोला याला हात लावू देशील?"

तो पान्हा पुसत बसला. मग मान हलवून म्हणाला, "नाही देणार, आई."

"मग नको," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांच्यामागे जावं की नाही, मला कळेना. गेले तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगी पडली तेव्हा न आलेलं पाणी. मी शेजारी बसून निवडू लागले. "लसूण सोल," एवढंच त्या म्हणाल्या.

यंत्र भंगारात गेलं. पुढचे काही आठवडे मोठं धुणं धोब्याकडे जात होतं, आणि घरातलं मी नि सासूबाई न्हाणीत धूत होतो. मामंजी रोज कचेरी सुटल्यावर उशिरा यायचे. कुठे जातात ते सांगत नसत. मग एका रविवारी हातगाडीवरून एक यंत्र आलं, तेही जुनंच. लाकडी पिंप, आत फिरणारा दांडा आणि बाजूला फिरवायची मूठ. वायर नाही, मोटर नाही.

मूठ जड होती. सुरुवातीला ती फिरवायला मामंजी स्वतः रविवारी पडवीत यायचे, धोतर वर खोचून. नणंद महिनोन्महिने त्याच्या जवळ फिरकली नाही. नंतर एकदा तिनं आपणहून ओढणी आणून टाकली आणि कुणीच तिला काही म्हटलं नाही.

पुढे मामंजी वयानं थकले, मूठ फिरवणं आमच्याकडे आलं. तरी धुण्याच्या दिवशी ते पुढच्या खोलीतून हाक मारायचेच, "काही जाणवत नाही ना गं?"

"अहो, याला वीजच नाही!" सासूबाई वैतागून ओरडायच्या.

"हो, पण बघ हं," ते म्हणायचे, आणि मग वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज यायचा.