उसनी दिलेली बोटं

आधार कार्डाच्या पावत्यांची ती प्लास्टिकची पिशवी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मी सपशेल चुकलो ते या प्रकरणात, आणि त्यात गुन्हाच नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लातूरच्या हद्दीला लागून आमचं ठाणं. आठवडी बाजाराच्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला. आधार केंद्रावर एक बाई सारखी येते आणि तिचा अर्ज दर वेळी नाकारला जातो, कारण या बोटांचं कार्ड आधीच निघालंय असं मशीन म्हणतं. म्हणजे बाईला दुसरं नाव आहे आणि ती ते लपवते आहे, असा त्याचा हिशेब. बनावट कागदपत्रांबाबत वरून पत्रामागून पत्र येत होतं, त्यामुळे मला घबाड सापडल्यासारखं झालं. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि महिला हवालदाराला जीप देऊन पाठवलं.

भर बाजारातून, गावच्या माणसांदेखत बाईला जीपमध्ये बसवून आणलं. साधा निरोप धाडला असता तर ती स्वतःच्या पायांनी आली असती. पण एवढी अक्कल तेव्हा सुचली नाही.

बाई चाळिशीची, विधवा, मुखेडकडच्या एका खेड्यात शेतमजुरी करणारी. आत येऊन "जयभीम साहेब" म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली. तीत चार पावत्या होत्या. दीड वर्षात चार वेळा अर्ज केला होता. दर वेळी तीन महिने थांबा म्हणून सांगायचे आणि तेवढं थांबल्यावर 'नाकारला' एवढंच तिला कळायचं. नवऱ्याच्या नावावर घरकुल मंजूर झालं आणि तो वारला. वारस म्हणून तिचं नाव लावायला आधार हवं होतं. महिनाअखेरपर्यंत ते दिलं नाही तर घरकुल यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं. दोन मुलींना घेऊन ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती.

मी हे सगळं ऐकलं आणि एक अक्षर मनावर घेतलं नाही. समोरचा गरज सांगायला लागला की तो खोटं बोलतोय असं धरायचं, ही आमची खात्यातली खोड. मी तिला अरेतुरे करत चार तास तेच तेच विचारलं. तुझं दुसरं नाव काय, माहेरचं नाव काय, दुसरं लग्न केलंस का, दुसऱ्या जिल्ह्यात कुणाच्या नावाने राहत होतीस. ती दर वेळी शांतपणे "न्हाई साहेब" म्हणायची. गुन्हेगार इतका शांत राहिला की तो मुरलेला असतो, असं मी हवालदाराला ऐकवलंसुद्धा.

दुपारी तिला बाहेर बाकावर बसवलं. ठाणे अंमलदार तेव्हा एका म्हातारीचा जबाब घेत होता. तिची शेळी चोरीला गेली होती. जबाब लिहून झाला, पण म्हातारीचा अंगठा काही कागदावर उमटेना. जन्मभर खुरपं धरून रेघाच राहिल्या नव्हत्या. शाई लावली, पुसली, पुन्हा लावली, तरी काळा डागच. म्हातारीला शेवटची एसटी गाठायची होती, ती रडकुंडीला आली. तेवढ्यात बाकावरची आमची संशयित उठली, टेबलाशी गेली आणि आपला अंगठा पुढे करून म्हणाली, "माजा लावा की. कवाची ताटकळून राहिली बिचारी."

अंमलदार हसत सुटला. मी दारातच उभा होतो. मला हसू आलं नाही.

तिला आत बोलावलं आणि विचारलं, असा अंगठा याआधी कुणासाठी लावला होतास का?

"लावला होता की," ती म्हणाली. "उदगीरकडं भट्टीवर होतो तवा. माज्या जोडीदारणीसाठी."

मग सगळं कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी नवरा-बायको उदगीरकडच्या एका वीटभट्टीवर कामाला होते. तिथे आधारचं शिबिर आलं. हिच्याकडे कागद नव्हते, म्हणून हिला गावी जाऊन काढ म्हणून सांगितलं. जोडीदारणीकडे, म्हणजे भट्टीवरच्या तिच्या मैत्रिणीकडे, कागद होते, पण विटा थापून बोटं गुळगुळीत झालेली, मशीन घेईना. मागे रांग मोठी, मशीनवरचा माणूस वैतागलेला. कुणाचं तरी बोट लाव आणि उरक, असं तो म्हणाला. हिने लावलं. दहाही बोटं लावली. फोटो तिचा आणि बोटं हिची. त्यांच्या गावाकडे आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, अशी सावड चालते. तसाच हा एक हात दिला, इतकंच तिच्या लेखी होतं.

हे सकाळीच का नाही सांगितलं, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी इचारलं, दुसरं नाव काय. दुसरं नाव न्हाईच तर काय सांगू? बोटाचं कुणी इचारलंच न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी जोडीदारणीच्या गावी गेलो, लातूर जिल्ह्यात. तिची दोन एकर कोरडवाहू जमीन, नवरा अंथरुणाला खिळलेला. कार्डावरची बोटं तिची नसल्याने रेशन मुलाच्या अंगठ्यावर मिळायचं, पण आता मुलगा पुण्याला जाणार होता. चूक दुरुस्त करायची तर आधी जोडीदारणीच्या नोंदीतली बोटं काढायची आणि मगच माझ्याबरोबरच्या बाईची नवी नोंद व्हायची. तोवर जोडीदारणीचं कार्ड अडकून पडणार. ती घाबरली, कार्ड द्यायला तयार होईना. मी दम भरणार, तेवढ्यात माझ्याबरोबरची बाईच म्हणाली, "साहेब, तिचं जाऊन माजं येत आसंल तर ऱ्हाऊ द्या. पत्र्यात बी दिवस निघतेत." आणि जीपकडे चालायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या पायरीवर ती जोडीदारीण बसलेली. दोन एसटी बदलून आली होती. राम राम करून तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "झोप न्हाई आली," म्हणाली. "तिची बोटं तिला देऊन टाका."

गुन्हा दाखल करता आला असता, कायद्यात तशी तरतूद आहे. शिबिरातल्या त्या माणसाचा पत्ता लागला नाही. मी चौकशी अहवालात फसवणुकीचा हेतू दिसून येत नाही असं लिहिलं आणि दोघींचे जबाब जोडून वरच्या कार्यालयाला पाठवले. सहा महिने लागले. महिनाअखेर केव्हाच उलटली आणि घरकुल पुढच्या माणसाला गेलं. मी ग्रामसेवकाला दोनदा भेटलो, तेव्हा कुठे पुढच्या यादीत तिचं नाव लागलं. वाईट याचं वाटतं की ज्या दिवशी ती जीपमध्ये बसली, त्या दिवसाची बोलणी तिला गावात वर्षभर ऐकावी लागली. त्याला माझ्याकडे कुठलाही अहवाल नव्हता.

कार्ड आल्यावर ती दाखवायला आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, बसा ताई. पेढे कुठे आहेत, म्हणून चेष्टाही केली. तर म्हणाली, जोडीदारणीची दुरुस्ती अजून कुठंतरी अडकलीय, तिचं झाल्याबिगर पेढे न्हाईत.

माणसाची ओळख पटवण्यात माझी हयात गेली. फोटो, ठसे, अंगावरच्या खुणा, सगळं बघत आलो. ही बाई मात्र मला चार तासांच्या चौकशीत कळली नाही, बाकावरून उठली तेव्हा कळली. तरीही पोलिसाची खोड जात नाही. ती निघताना मी विचारलंच, उद्या पुन्हा कुणी बोट मागितलं तर?

तिने कार्ड पिशवीत ठेवलं.

"बोट न्हाई देणार, साहेब," ती म्हणाली. "पर तिला रांगेत एकटीला सोडून बी येणार न्हाई."